पाण्याच्या तीन जाती

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दाना ओलीत, आमच्या घरात पाण्याच्या तीन जाती आहेत. एक नळाची. हे पाणी तिघऱ्याच्या धरणातून निघतं, मोतीझीलला गाळलं जातं आणि क्लोरीन घेऊन लष्करच्या गल्ल्यांत शिरतं. दुसरी बोअरची; हे पाणी जड, जिभेला मचूळ, बादलीच्या कडेला पांढरा थर ठेवून जाणारं. तिसरी आरओची, म्हणजे तेच नळाचं पाणी, पण स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेल्या पेटीतून पुन्हा काढलेलं. कोणी कोणतं प्यायचं हे आमच्याकडे कधी बसून ठरलं नाही, तरी पक्कं ठरलेलं आहे. घरातली माणसं आणि बैठकीपर्यंत येणारे पाहुणे आरओचं पितात. भांड्याला येणाऱ्या बाई नळाचं पितात. गच्चीची गळती बघायला आलेला मिस्त्री, सिलिंडर आणणारा पोऱ्या, माळ्यावरचं सामान उतरवायला बोलावलेले हमाल, यांना अंगणातल्या तोटीचं, म्हणजे बोअरचं.

लिहून काढल्यावर हे वाईट दिसतं. बोलताना कधी दिसलं नव्हतं, कारण बोलण्यात ते कधी आलंच नाही.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. जड पाणी, साबणाला न येणारा फेस, कॅल्शियम, मॅग्नेशियम, हे सगळं मी खडूने फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की पाण्याच्या बाबतीत अज्ञानाची सबब मला नाही. आत्मचिंतनाला बसलं की माणूस आधी सबबी गोळा करतो. त्यातली ही एक पहिल्यांदाच बाजूला पडलेली बरी.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणजे आयएस 10500, सध्याचं 2012 सालचं. विरघळलेल्या क्षारांची, ज्याला आता पानवालाही टीडीएस म्हणतो त्याची, स्वीकार्य मर्यादा त्यात लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच उपलब्ध नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यायचं. जडपणा 200, नाइलाजाने 600. नायट्रेट 45 च्या वर नको आणि तिथे नाइलाजाचीही सवलत नाही. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात नळाच्या टोकाशी ते निदान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक असावं. आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू सापडताच कामा नये. माणसाला दोन दिवसांत आडवं करते ती यातली शेवटची ओळ. बाजारात दिवसरात्र ऐकू येते ती पहिली. असं का, तर पहिली ओळ मोजायचं पेनाएवढं मीटर कोणीही खिशात घालून फिरू शकतो.

आमच्या नळाचा टीडीएस त्या मीटरवर 500 च्या निम्म्यापुढे क्वचितच जातो. मीटर घरात येण्याआधीही हे आम्हाला ठाऊक होतं. तूरडाळ नळाच्या पाण्यात मऊ शिजते. बोअरच्या पाण्यात तीच डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही दाण्याला दाणा वेगळी राहते, कारण पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणारं पेक्टिन घट्ट धरून ठेवतं. उन्हाळ्यात एक दिवसाआड नळ यायला लागले की आमच्या ओलीतल्या बायका आधी डाळीपुरतं पाणी वेगळं काढून ठेवतात. धरण आटलं की लष्करात हे होतंच, त्यात नवल नाही.

तर अशा घरात आरओ आला कसा?

विकायला आलेला मुलगा फार अदबीचा होता. मला माताजी म्हणाला. त्याने दोन ग्लास मागून घेतले, एकात आमच्या नळाचं पाणी ओतलं, दुसऱ्यात आपल्या बाटलीतलं, आणि दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून वायर जोडली. मिनिटाभरात आमच्या ग्लासात तांबूस-हिरवट गाळ उसळून वर आला. त्याचा ग्लास स्वच्छच राहिला. “हेच तुमच्या नातवाच्या पोटात जातंय,” असं तो हिंदीत म्हणाला आणि सुनेचा चेहरा उतरला.

तो गाळ पाण्यातला नव्हता. कांडी लोखंडाची होती आणि विजेमुळे ती विरघळून तिचंच हायड्रॉक्साइड तयार झालं होतं. पाण्यात क्षार असतील तर वीज वाहते. त्याच्या पाण्यात क्षार नव्हते म्हणून ती वाहिली नाही, एवढीच त्यातली जादू. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तिथेही तोच चिखल झाला असता. मिठाची बरणी माझ्या हाताशी होती. विद्युत अपघटनाचा हा धडा मी मुलांना शिकवलेला होता. तरी मी उठले नाही.

का उठले नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. सुनेसमोर नातवाच्या जिवाच्या प्रश्नावर कंजूष सासू ठरायचं नव्हतं, हे एक उत्तर. ते खरं आहे, पण जरा सोयीचं आहे. दुसरं उत्तर असं की मलाही ती पेटी हवी होती. शेजारी होती, समोर होती, दौलतगंजातल्या नातलगांकडे होती. पाहुण्याला पाणी देताना “आरओचं आहे हं” असं म्हणता येत नव्हतं. माझं ज्ञान भीतीपुढे हरलं असं म्हणायला मला आवडलं असतं, त्यात निदान आजीची माया दिसते. पण ते भीतीपुढे थोडं आणि ऐटीपुढे बरंच हरलं.

भीती अगदीच खोटी होती असंही नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात गियां-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. आकडा दोनशेच्या आसपास गेला, काही माणसं दगावली. तपासात रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि बोट दूषित पाण्याकडे गेलं. आमचे अर्धे नातलग पुण्याला. रोज फोन चालू होते. त्याआधीची मोठी गोष्ट दिल्लीची. 1955 च्या अखेरीस नजफगढ नाल्याचं घाण पाणी यमुनेत उलटं वजीराबादच्या उपशापर्यंत आलं आणि शहरात काविळीचे सुमारे 29 हजार रुग्ण झाले. पाण्यात क्लोरीन होतं, तरी झाले. तेव्हा नळाच्या पाण्याला भिणारा माणूस वेडा नाही. फक्त तो चुकीच्या गोष्टीला भितो. पुण्यात किंवा दिल्लीत माणसं क्षारांनी आजारी पडली नाहीत. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला तर टीडीएसचा आकडा जेमतेम हलतो. मीटर आपलं “उत्तम” दाखवत राहतं.

जंतूंवरचे उपाय साधे आहेत आणि ते मला माहीत होते. पाणी खदखदून मिनिटभर उकळलं की जिवाणू, विषाणू दोन्ही मरतात. गढूळ नसेल तर अतिनील दिव्याचं, म्हणजे यूव्हीचं यंत्र पुरतं. गढूळ पाण्यात मात्र जंतू कणांच्या आडोशाला लपतात आणि दिव्याचा उपयोग होत नाही. जुन्या स्टीलच्या फिल्टरमधल्या पांढऱ्या कँडल गाळ आणि बरेचसे जिवाणू अडवतात, विषाणू नाहीत, आणि त्या घासून उकळल्या नाहीत तर त्यांच्यावरच जंतू वाढतात. काहीच नसेल तर जुन्या सुती साडीची चारपदरी घडीही काम करते. बांगलादेशात रीटा कोलवेल यांच्या गटाने खेडोपाडी हे करून पाहिलं, 2003 मध्ये निकाल छापले, आणि कॉलऱ्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरलं होतं. आमच्या सासूबाई घागरीच्या तोंडाला तिहेरी फडकं बांधत. त्याला आम्ही हसत असू.

आरओचं खरं काम वेगळं आहे. जिथे पाणी खारं आहे, फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त आहे, तिथे त्याला पर्याय नाही. आमच्या ओलीत कोणी निव्वळ बोअरवर राहत असेल तर त्याने आरओ जरूर घ्यावा, मी स्वतः सोबत जाऊन घेऊन देईन. पण तिघऱ्याच्या पाण्यावर तो लावणं म्हणजे नसलेला क्षार काढायला पाणी ओतून देणं. घरगुती पेटी एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकते. राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्ये म्हटलं होतं की जिथे टीडीएस 500 च्या आत आहे तिथे आरओवर बंदी आणा आणि जिथे तो लागतोच तिथे निदान 60 टक्के पाणी हाती यायला हवं. त्या बातमीचं कात्रण मी वर्गात वाचून दाखवण्यासारखं होतं. मी ते घडी करून ठेवलं. शिवाय अशा पाण्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियमही निघून जातं. क्षार काढून टाकलेलं पाणी कायम पिण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या एका संकलनात सावधगिरीचा इशारा आहे. उपाय म्हणून पेटीत ‘मिनरल’ची नळकांडी बसवतात. आधी काढायचं, मग विकत घेऊन परत घालायचं.

पेटीची मागची नळी आमच्याकडे मोरीत सोडलेली आहे. रात्री सगळं शांत झालं की ती ऐकू येते. एक दिवसाआड नळ येण्याच्या दिवसांत मी ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरते, आणि पावसाळा सुरू झाला की विसरते. हे विसरणं कसलं आहे ते मला कळतं.

आता पुन्हा त्या तीन जातींकडे येते, कारण मनाला लागलेली गोष्ट ती आहे.

सासूबाईंच्या सासूबाई सोवळ्याने पाणी भरत. वाड्यात आड होता. ओलेत्याने कळशी काढायची, देवाचं आणि स्वयंपाकाचं पाणी निराळं, त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागला की ओतून द्यायचं. या गोष्टी ऐकल्या तेव्हा मी नवी सून होते, शिकलेली होते, आणि आपण यातून सुटलो असं मला अगदी मनापासून वाटलं होतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने आधीच केलेला होता. तरी त्यानंतर तिथल्या सवर्णांनी दूध, दही, शेण, गोमूत्र अशा 108 घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. गुरं, कुत्री पीत होती तेव्हा त्याला शुद्धीकरण लागलं नव्हतं. हा प्रसंग वाचताना मला आजही संताप येतो. त्या संतापाने मला कधी उठून स्वयंपाकघरापर्यंत नेलं नाही.

भांड्याला येणाऱ्या बाईंना मी आरओचं पाणी का देत नाही? माझ्याकडे तयार उत्तर आहे: त्यांना ते आवडत नाही. ते खरंही आहे. पेटी नवी होती तेव्हा त्यांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं होतं आणि त्याला चवच नाही म्हणाल्या होत्या. चवीचं म्हणाल तर बरोबर म्हणाल्या. पण त्या एका वाक्याला मी किती वर्षं धरून बसले! नंतर कधी विचारलं नाही. उन्हाळ्यात फ्रिजमधली बाटली पुढे केली असती तर त्या नको म्हणाल्या असत्या का, हे मला माहीत नाही; मी पुढे केलीच नाही. त्यांचा पेलासुद्धा वेगळा आहे. तो खिडकीत पालथा असतो. कोणी ठेवायला सांगितलेलं नाही. त्या स्वतःच ठेवतात, आणि मी तो उचलून आमच्या पेल्यांत कधी ठेवला नाही.

यात जातीचा प्रश्न कुठे, हा स्वच्छतेचा प्रश्न आहे, असं मन म्हणतं. सासूबाईंच्या सासूबाईंचंही मन तेच म्हणत असणार. आणि स्वच्छतेचाच प्रश्न असेल तर तो आणखी वाईट आहे: जे पाणी नातवाला देण्याच्या लायकीचं नाही असं मी मानते, ते मी दुसऱ्याच्या आईला रोज देते. नळाचं पाणी चांगलं असेल तर मी मूर्ख आहे, वाईट असेल तर मी दुष्ट आहे. यातून तिसरी वाट काढायचा मी बराच प्रयत्न केला.

आपल्यापुरतं वेगळं पाणी मिळवायची हौस या गावाला जुनी आहे. मानसिंह तोमराची गुर्जर राणी मृगनयनी किल्ल्यावर यायला तयार झाली ती म्हणे एका अटीवर, की आपल्या राई गावच्या सांक नदीचं पाणी आपल्याला महालात मिळालं पाहिजे. राजाने तिच्यासाठी नळ घालून पाणी आणलं, असं गूजरी महालाबद्दल सांगतात. आख्यायिका गोड आहे. त्याच सांक नदीवर माधवराव शिंद्यांच्या काळात, 1916 मध्ये, तिघऱ्याचं धरण झालं; खडकवासल्यानंतर विश्वेश्वरय्यांची आपोआप उघडणारी दारं बसली ती इथे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1917 मध्ये, ते फुटलं आणि पुष्कळ माणसं वाहून गेली. ते पुन्हा बांधलं गेलं, आणि एका राणीचं पाणी सगळ्या लष्करच्या घराघरांत पोचलं. केवढी मोठी गोष्ट होती ती! आमच्या पिढीने त्यावर काय केलं, तर प्रत्येक स्वयंपाकघरात पुन्हा एकेक राणी बसवली. त्यातली एक मी.

काही दिवसांपूर्वी मी अखेर शिक्षिकेसारखी वागले. दोन साध्या चाचण्या मागवल्या. एक ओटीची: पाण्यात थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, जितकं जास्त तितका गडद. दुसरी एचटूएसची बाटली: पाणी भरून ठेवायचं, मैल्याशी संबंधित जिवाणू असतील तर त्यांनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडची लोहाशी क्रिया होऊन एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. दोन्ही स्वस्त, दोन्हींना प्रयोगशाळा लागत नाही. ही अंतिम परीक्षा नव्हे, प्रयोगशाळेतली तपासणी ती खरी, पण घरातल्या माणसाला जागं करायला एवढं पुरतं.

नळ आल्यावर निघालेल्या पहिल्या बादलीतलं पाणी बाटलीत काळं झालं. अर्ध्या तासाने त्याच तोटीतून भरलेलं तसंच राहिलं, आणि त्याला ओटीचा पिवळा रंगही छान आला. इथपर्यंत मला अपेक्षा होती. मग मी गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची बाटली भरली. तिला पिवळा रंग नाही; दुसऱ्या दिवशी ती शाईसारखी काळी. टाकी आमची. झाकण उन्हाने तडकलेलं होतं, तळाला बोटभर गाळ होता. आणि पेटीला जोडलेली नळी त्याच टाकीतून येते. म्हणजे चांगलं पाणी गच्चीवर नेऊन आम्ही आधी खराब करत होतो आणि मग पैसे भरून शुद्ध करत होतो.

मग पहिल्या बादलीचा विचार करायला लागले. गल्लीतल्या मोठ्या नळीपासून आमच्या उंबऱ्यापर्यंतचा तुकडा आमचा असतो, तो सांभाळणं आमचं काम. तो तुकडा सासऱ्यांच्या काळातला, लोखंडी, आणि आमच्या इथे तो नालीतून येतो. प्लंबरने चिमट्याने खरवडला तर पापुद्रे निघाले. त्याच्यापुढे आमचा टुल्लू. ग्वाल्हेरात टुल्लू म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, नळाच्या जोडणीला थेट लावलेली ती छोटी मोटर. नळ आले की आमच्या ओलीत घरोघरी टुल्लू गुणगुणायला लागतात. दाब कमी आहे म्हणून आपण मोटर लावतो, आणि मोटर लावली की दाब आणखी कमी होतो. नळीत पाणी भरून दाबाने वाहत असेल तोवर भोकातून ते बाहेर गळतं, बाहेरची घाण आत येत नाही. मोटरने ओढून नळीत पोकळी केली की नालीतलं पाणी भोकांतून आत खेचलं जातं. ते आमच्या घरी येतं, आणि पुढच्या घरांनाही जातं.

पुढची घरं म्हणजे नळीच्या शेवटी असलेली घरं. त्यांच्याकडे टुल्लू नाही, टाकी नाही, पेटीही नाही. भांड्याला येणाऱ्या बाई तिथेच कुठेतरी राहतात. माझ्या घरात मी त्यांना नळाचं पाणी देते एवढंच नव्हे, त्यांच्या घरातलं नळाचं पाणी बिघडवण्यातही माझा हात आहे. त्यांचा धाकटा मुलगा पावसाळ्यात आजारी पडला की मी पगारातून न कापता दोन दिवसांची सुट्टी देते. या उदारपणाचं मला आजवर कौतुक वाटत आलं होतं.

आणखी एक गोष्ट कबूल करायची राहते. पेटी आल्यापासून मी पाण्याबद्दल एकही तक्रार केली नाही. पूर्वी करत असे. गढूळ पाणी आलं की बाटली भरून कचेरीत नेऊन टेबलावर ठेवायची, इंजिनिअर उठून उभा राहीपर्यंत हलायचं नाही, अशी माझी ख्याती होती. बाईंच्या वस्तीतली कोणी बाटली घेऊन गेली तर तिला उद्या या म्हणतात. मला म्हणता येत नसे. पेटी घेतल्यावर माझी गरज संपली आणि त्याबरोबर माझी जीभही थंडावली. आमच्या ओलीतल्या ज्यांचं कचेरीत चालतं अशा सगळ्या घरांचं तसंच झालं आहे. आता सार्वजनिक पाण्याची बाजू मांडायला उरले आहेत ते ज्यांचं कोणी ऐकत नाही ते. नळाच्या पाण्याचं सर्वांत मोठं नुकसान आम्ही बहुधा हेच केलं, नालीतल्या भोकापेक्षाही मोठं.

टाकी धुऊन झाली, नवं झाकण बसलं. लोखंडी तुकडा बदलून नालीबाहेरून नवी नळी टाकायला प्लंबरने जो खर्च सांगितला तो पेटीच्या किमतीपेक्षा कमी आहे. तो येत्या आठवड्यात खणायला येणार आहे. पहिली बादली आता झाडांना जाते. बाईंना मी विचारलं, “आरओचं पाणी घेणार का?” त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या, त्याला चव नाही. तेव्हा आम्ही दोघी नळाचं उकळलेलं, माठातलं पाणी पितो. पेला अजून खिडकीतच असतो. एकदा मी तो आमच्यात ठेवला, त्यांनी न बोलता परत खिडकीत ठेवला. त्यांचा तो हक्क आहे असं मी समजते. पेटी भिंतीवर आहे, कारण सून अजून तयार नाही आणि तिच्याशी वाद घालण्याचा नैतिक अधिकार मी त्या दोन ग्लासांसमोर गप्प बसून घालवला आहे.

टुल्लू मात्र एकटीने काढून भागत नाही. मी काढला तर पाणी पुढच्या टुल्लूवाल्याकडे जाईल, नळीच्या टोकाला पोचणार नाही. म्हणून दाना ओलीतल्या सर्व टुल्लूवाल्यांना, त्यात मराठी घरं आली, जैन आली, अग्रवाल आली, माझी हात जोडून विनंती आहे: एक दिवस ठरवून सगळ्यांनी आपापली मोटर थेट नळावरून काढू या, जमिनीत छोटी हौदी करून तिच्यात पाणी आपल्या दाबाने पडू देऊ आणि मग हौदीतून मोटरने वर चढवू. सुरुवात माझ्या घरापासून करा, बघायला या. त्या दिवशी दाब वाढला नाही तर कचेरीत बाटली घेऊन मी पुढे जाईन. माझ्यासोबत दोन-चार जण आले तर बरं होईल.